वल्हं घ्या, पण सांगून मोडणारं!



'कार्बन फायबर' हा शब्दच असा आहे की तो कानावर पडला की मेकॅनिकलचा पेंगणारा पोरगासुद्धा ताठ बसतो. सायकल कार्बनची, हेल्मेट कार्बनचं, कुणाच्या मोबाईलच्या कव्हरवरही कार्बनची नक्षी! त्यामुळे आपल्या अॅडव्हेंचर क्लबनं गॅदरिंगच्या उरलेल्या पैशांतून उभ्यानं वल्हवायचे दोन सर्फबोर्ड आणि त्यांची वल्ही घ्यायचं ठरवलं, तेव्हा मेसमध्ये चर्चा अशी झालीच नाही. 'वल्ही कार्बनचीच!' एवढं म्हणून सगळे ताटाकडे वळले. माझं मत वेगळं आहे. मेसमध्ये ते मांडायला गेलं की पोळी गार होते आणि ऐकत कोणीच नाही, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्या सर्फबोर्डवर उभं राहायचं, हातात लांब दांड्याचं एकच वल्हं, त्यानं लाट गाठायची आणि लाटेवर वळायलाही त्याचाच आधार घ्यायचा. मूळ हवाईचं. वायकिकीचे बीच बॉय होडीची वल्ही घेऊन बोर्डवर उभे राहायचे. १९९०च्या दशकात मावी बेटावर लेर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांनी हा खेळ पुन्हा उचलला आणि तिथून तो जगभर गेला. तिथल्या होड्यांनाही आपल्या कोकणातल्यासारखी उलांडी असते, म्हणजे वल्ह्याचं घराणं काही अगदी परकं नाही. आपल्याकडे कर्नाटकातलं मुलकी हे सर्फिंगचं मोठं ठिकाण. तिथल्या ससिहित्लू किनाऱ्यावर मार्च २०२४ मध्ये इंडिया पॅडल फेस्टिव्हल झाला. आपल्या क्लबलाही तिकडेच जायचंय.

आता मुद्द्याकडे. 'टिकाऊ' म्हणजे काय? आपण लगेच म्हणतो, जास्त स्ट्रेंथ असलेलं. पण सेकंड इयरला एसओएममध्ये स्ट्रेंथ आणि टफनेस हे दोन वेगळे शब्द पाठ केले होते ना? (वायव्हाला विचारलं की फरक आठवत नाही, तो भाग वेगळा.) कार्बनचा नेहमीचा धागा आणि ई-ग्लासचा धागा यांची ताणातली ताकद जवळपास सारखीच, साधारण ३५०० मेगापास्कलच्या आसपास. पण कार्बनचा धागा दीड टक्का ताणला की तुटतो, काचेचा चार टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्हखालचं क्षेत्रफळ काढलं तर तेवढ्याच आकारमानाचा काचेचा धागा तुटण्याआधी जवळजवळ तिप्पट ऊर्जा पचवतो. कार्बन ताठ आहे आणि हलका आहे, हे शंभर टक्के खरं. पण लाट आपल्याला ताठपणाचे मार्क देत नाही, ती दणका देते.

थोडं गणित करू. (घाबरू नका, एकच स्टेप आहे.) वल्हं मारताना खालचा हात टेकूचं काम करतो, म्हणून सगळ्यात मोठा बेंडिंग मोमेंट तिथेच येतो. पात्यावर १५० न्यूटन, म्हणजे साधारण १५ किलोचा जोर धरू, आणि खालच्या हातापासून पात्याच्या मध्यापर्यंत ९० सेंटिमीटर. मोमेंट झाला १३५ न्यूटन-मीटर. दांडा २९ मिलिमीटर व्यासाचा आणि दीड मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा असेल तर स्ट्रेस येतो सुमारे १६० मेगापास्कल. ६०६१-टी६ या मिश्रधातूची यील्ड स्ट्रेंथ सुमारे २७५. चला, पास! पण आपण पडलो आणि लाटेनं तेच पातं दुप्पट जोरानं ओढलं तर? ३२०. दांडा वाकला, आणि वाकलेला अॅल्युमिनियम सरळ केला तरी पहिल्यासारखा होत नाही.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे स्वस्त अॅल्युमिनियमचं वल्हं शांत खाडीत ठीक, लाटेत नाही. त्यात खाऱ्या पाण्यानं ते गंजतं आणि स्टीलच्या स्क्रूपाशी तर लवकरच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि फुकटची आहे: पातं लहान घ्या! दांड्यावरचा लोड पात्यातूनच येतो. ५२० ते ५८० चौरस सेंटिमीटरचं पातं आपल्यासारख्या शिकाऊ माणसाला पुरतं. मोठं पातं घेणारा दांडाही लवकर थकवतो आणि स्वतःचा खांदाही.

मग कार्बनचं दुखणं नेमकं काय? नवीन कोरा कार्बनचा दांडा चांगला मजबूत असतो. पण सर्फिंगमध्ये दर दोन मिनिटांनी दांडा बोर्डच्या कडेवर आपटतो. त्यानं बारीक खाच पडते किंवा आतले थर सुटतात आणि वरून काहीच दिसत नाही. विमानवाले या प्रकाराला 'डोळ्यांना जेमतेम दिसणारी इजा' म्हणतात आणि त्यासाठी तपासणीची वेगळी पद्धत ठेवतात. आपल्याकडे तपासणी कोण करणार? क्लबचा सेक्रेटरी? तोच दांडा पुढच्या महिन्यात, किनाऱ्यापासून दोनशे मीटरवर, भर लाटेत 'टक्' करून दोन तुकडे होतो. ना वाकला, ना करकरला. हातात उरते ती धारदार टोकाची नळी आणि पुढची लाट येतच असते. प्रश्न फक्त पैशांचा नाही, तो इथे आहे.

फायबरग्लासही मोडतं, अमर कोणीच नाही. पण ते बहुधा सांगून मोडतं. रंग न दिलेल्या दांड्यावर मार बसला की तिथे पांढुरका डाग दिसतो, जास्त लवचीक लागायला लागतं, आवाज येतो. म्हणजे आपल्याला आदल्या दिवशी ते बाजूला ठेवता येतं. आमच्या दृष्टीनं टिकाऊपणाची व्याख्या हीच असावी: जे मोडायच्या आधी इशारा देतं आणि ज्याची डागडुजी वर्कशॉपमध्ये इपॉक्सी आणि ग्लासच्या कापडानं होऊ शकते, ते टिकाऊ.

आता समोरच्या पार्टीचा मुद्दा. कार्बनचं वल्हं साधारण ४५० ते ६५० ग्रॅम, फायबरग्लासचं ७०० ते ९००. फरक २५० ग्रॅमचा. मिनिटाला ४० वेळा वल्हं मारलं तर तासाला २४०० वेळा, म्हणजे एका तासात ६०० किलो जादा उचलले! मुद्दा बिनतोड आहे... शर्यतीसाठी. लांब पल्ल्याला कार्बनच घ्यावं, माझी हरकत नाही. पण लाटेवर खेळताना आपण बराच वेळ नुसते उभे असतो आणि लाट आली की आठ-दहा जोरकस हात मारतो. तिथे २५० ग्रॅमपेक्षा दणका पचवण्याला किंमत जास्त.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. स्वतःचं कार्बनचं वल्हं असलेला माणूस त्याला बाळासारखं जपतो, मऊ पिशवीत ठेवतो. आपली वल्ही क्लबची असणार. क्लबची वस्तू म्हणजे कोणाचीच नाही! कॉमन रूममधल्या टीटीच्या बॅटींची अवस्था बघा आणि मग ठरवा. ज्या वस्तूला चाळीस हात लागणार, ती चाळीस प्रकारे आपटली जाणार हे धरूनच निवडली पाहिजे.

म्हणून माझी शिफारस अशी. दांडा फायबरग्लासचा. पातं शिकाऊंसाठी ग्लास मिसळलेल्या नायलॉनचं, ते खडकावर घासलं तरी फारसं बिघडत नाही. ज्यांचा हात बसलाय त्यांच्यासाठी एखादं फायबरग्लासच्या पात्याचं, कडेला एबीएसची पट्टी असलेलं. लांबी कमी-जास्त करायचा क्लॅम्प असलेलं एकच घ्यावं, तेही कोणाला किती लांबी लागते हे ठरवण्यापुरतं. त्या सांध्यात वाळू जाते, तो अडकतो, आणि दांड्यातली कमजोर जागाही तीच. बाकीची अखंड दांड्याची घ्या: १७२, १८० आणि १८८ सेंटिमीटर. सर्फिंगला आपल्या उंचीपेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर जास्त म्हणजे पुरे. अखंड वल्ही बऱ्याचदा मूठ न चिकटवता मिळतात. दांडा बारीक दातांच्या हॅकसॉनं कापायचा आणि मूठ हॉट ग्लूनं बसवायची, वर्कशॉपच्या सरांना विचारून अर्ध्या तासाचं काम. कापताना चिकटपट्टी लावा, पाणी मारा आणि तोंडाला मास्क लावा, ती धूळ वाईट.

दुकानात काय बघायचं? 'कार्बन' असं स्टिकर दिसलं तर किती टक्के ते विचारा, कारण पुष्कळदा वरचा एक थर कार्बनचा आणि आत सगळी काच असते, पैसे मात्र नावाचे. नाण्यानं पात्यावर टकटक करा, टणक आवाजात मध्येच बद्द आवाज आला तर तिथे थर सुटलाय. मूठ धरून पातं पिळून बघा, गळ्यापाशी, म्हणजे दांडा आणि पातं जुळतात तिथे, जराही खेळ नको. सुटं पातं मिळतं का ते विचारा. आणि शेवटची परीक्षा: पाण्याच्या टाकीत टाका. तरंगलं पाहिजे. जे टाकीत बुडतं ते समुद्रात आपल्याला शोधायला लावणार.

घेतल्यावर दोनच नियम पाळले तरी वल्हं वर्षानुवर्षं जाईल. बोर्डच्या कडेला जाड पट्टी चिकटवायची, म्हणजे दांड्याला खाच पडणार नाही. आणि आल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत ठेवायचं. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलं तर मुठीचा ग्लू मऊ होतो आणि उन्हानं इपॉक्सीही म्हातारं होतं.

पैशांचं म्हणाल, तर कार्बनच्या एका वल्ह्यात फायबरग्लासची साधारण दोन येतात. म्हणजे दोन बोर्डांना दोन वल्ही आणि वर दोन जादा. मोडलंच तर ट्रिप थांबत नाही आणि खोल पाण्यात अडकलेल्या मित्राकडे दुसरं वल्हं घेऊन जाता येतं.

क्लबच्या पुढच्या मीटिंगला हात वर करण्याआधी एवढा विचार करा. इंजिनियर होणार आहोत आपण. नावावर भाळून वस्तू घेणं बाकीच्या जगाला माफ आहे, आपल्याला नाही. बघा, पटतंय का!