साधी सर्दीच आहे म्हणे!



आपल्या ग्रुपवर सध्या एकच धोशा आहे, "ओमायक्रॉन सौम्य आहे, उगाच घाबरवतात." त्याच्याच खाली दुसरा मेसेज, "जगाला मास्क आत्ता कळला, आमच्याकडे मुहपत्ती केव्हापासून!" आणि हे पाठवणाऱ्या दोघीतिघी परवा साखरपुड्यात मास्क हनुवटीवर ओढून फोटो काढत होत्या.

मी डॉक्टर नाही, बी.कॉम. आहे. टक्केवारी मात्र कळते. हजार जण आजारी पडले, शंभरातला एक दवाखान्यात गेला, तर खाटा लागल्या १०. आजार निम्मा सौम्य झाला पण दहा हजारांना झाला, तर ५०. डोंबिवलीत राज्यातला पहिला ओमायक्रॉनचा रुग्ण सापडला ४ डिसेंबर २०२१ला. ६ जानेवारी २०२२ला एकट्या मुंबईत दिवसाला २० हजारांच्या वर कोरोना रुग्ण! डेल्टाच्या वेळीही आपण आधी 'साधा ताप' म्हणालो होतो. एप्रिलमध्ये माझ्या जाऊबाई गेल्या.

आणि मुहपत्तीचा अभिमान कसला मिरवता? ती स्वतःला वाचवायला बांधतात का? आपल्या श्वासाने वायुकायाच्या जीवांना इजा होऊ नये म्हणून बांधतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची एवढी जयणा, आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर खोकायचं!

मला खरा राग आला तो गोचरीवरून. हाताला कच्चं पाणी लागलं तर आपण लगेच घर असूझतं म्हणतो. पण एका घरात सून तापाने आतल्या खोलीत झोपलेली, आणि बाहेर सासूबाई हसतमुखाने वहोरावत होत्या. का, तर लाभ चुकायला नको. महासतीजींना काय कळणार? त्या तिथून पुढच्या दहा घरी गेल्या. मला तर हा लाभ वाटत नाही, चोरी वाटते.

गेल्या मंगळवारी आमच्या ह्यांना कणकण होती. मी दारातच हात जोडून सांगितलं, "महासतीजी, घरात ताप आहे, आज नको." त्या मंगलपाठ देऊन परत फिरल्या. समोरच्या बाई म्हणाल्या, "अहो, साधी सर्दी, कशाला परत पाठवलंत?" दिवसभर मला जेवण गोड लागलं नाही, खोटं कशाला बोलू. पण स्थानकात पाटावर त्यांच्या ८० वर्षांच्या गुरुणी आहेत, आणि त्यांना दमा आहे.