पटावरची पैज आणि महालक्ष्मीचा दाखला

नाकाडोंगरीकडे शंकरपटाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "मुंबईत महालक्ष्मीला घोड्यावर पैसे लावलेले चालतात, मग आमच्या जोडीवर का नाही?" मुद्दा बिनतोड वाटतो, पण आहे पोकळ.

सुप्रीम कोर्टाने १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं, कारण घोड्याचं कूळ, आधीची कामगिरी, जॉकी यांचा अभ्यास करता येतो. हँडिकॅप शर्यतीत तर सरस घोड्यावर जास्त वजन लादतात. इंग्लंडात चेल्टनहॅमच्या अडथळ्यांच्या हँडिकॅप शर्यतींतही तेच. बरं, एवढी माहिती छापील मिळूनही टोटवाला आपला वाटा आधीच कापून घेतो!

पटावर काय असतं? ना वजन, ना छापील इतिहास. फक्त कुजबुज. याला डेटा नाही म्हणत राव, अफवा म्हणतात. त्यात पट भरतो धान निघाल्यावर, म्हणजे नेमके खिशात चार पैसे असताना.

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. २०१४ साली शर्यती बंद झाल्या त्या बैलांच्या छळापायी. १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदाही उचलून धरला. आता जोडीवर हजारो रुपये लागले, तर धुरकऱ्याच्या हातात तुतारी यायला कितीसा वेळ?

तेव्हा पट टिकवायचा असेल तर पैजवाल्याला पटाच्या शौकिनांनीच हाकलावं. पोलिसांची वाट कशाला बघायची?