मोबाइलवरचा खेळ अन् पिकाचा पैसा

जळगाव-धुळ्याकडे पूर्वी मटक्याचा आकडा लावायला माणूस टपरीपर्यंत जायचा. आता टपरीच मोबाइलमधून घरात आली आहे. ‘खेळा आणि कमवा’ म्हणत पैसे लावायला लावणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. खेळ चालवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटीपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक २० हजार कोटी रुपये गमावतात, असा तेव्हा सरकारचा अंदाज होता.

तरी परदेशातून चालणारी ॲप लिंकवरून येतातच. त्यांची रीत शेतकरी बंधूंनी समजून घ्यावी. मटकेवाल्याला गिऱ्हाइकाचा स्वभाव अंदाजानं कळायचा. इथं संगणक प्रत्येकाची नोंद ठेवतो. कोण किती वाजता खेळतो, हरल्यावर थांबतो की दुप्पट लावतो, हे बघून तो शिकत जातो. तुम्ही सोडायच्या बेतात दिसलात, की बोनस येतो. ठिबकनं झाडाला लागेल तेवढंच पाणी सोडावं, तसा फायदा थेंबाथेंबानं सोडला जातो. आपल्या ठिबकात पीक आपलं असतं. इथं पीक आपणच, अन् काढणी दुसऱ्याची.

पीककर्ज, अनुदान ज्या खात्यात येतं, ते खातं असल्या ॲपला जोडू नका. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० वर कळवा. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व पोलीस पाटलांनी हा विषय ग्रामसभेत घ्यावा.