युजरनेममधलं कॅपिटल अक्षर

पासवर्ड अक्षर न् अक्षर तंतोतंत हवा, याबद्दल वाद नाही. युजरनेमबाबतही तोच हट्ट धरणारी कार्यालयीन सॉफ्टवेअर मात्र विनाकारण छळतात. कर्मचारी मोबाइलवर हजेरीचं ॲप उघडतो, कीबोर्ड पहिलं अक्षर परस्पर कॅपिटल करतो आणि उत्तर येतं, 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा'. नेमकं काय चुकलं हे मुद्दामच सांगत नाहीत. सांगितलं तर कोणती नावं अस्तित्वात आहेत हे चोरालाही कळेल. पण माणसाचा संशय जातो पासवर्डवर. तो पासवर्ड बदलतो, नवा टाकतो, पुन्हा नकार. शेवटी वैतागून आयटीवाल्यांना फोन.

हा हट्ट युनिक्सच्या परंपरेतला. तिथे कॅपिटल आणि स्मॉल ही वेगळीच अक्षरं. गंमत अशी की, युनिक्सच्या सुरुवातीच्या काळातल्या मॉडेल 33 टेलिटाइपवर स्मॉल अक्षरंच नव्हती. म्हणून लॉगिनचं नाव सगळं कॅपिटलमध्ये आलं, की युनिक्स समोरच्या यंत्राची अडचण ओळखून पुढचं टायपिंग स्मॉल समजून घ्यायचं. एवढा समजूतदारपणा तेव्हाही होता! विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत युजरनेममधला हा फरक धरलाच जात नाही. त्यामुळे सकाळी ज्या नावाने कॉम्प्युटर उघडतो, तेच नाव पगाराचं सॉफ्टवेअर नाकारतं, असं एकाच टेबलावर घडू शकतं.

फरक पाळला तर सुरक्षा वाढते, हा नेहमीचा बचाव. पण युजरनेम गुपित नसतंच. ई-मेलचा पत्ता हेच युजरनेम असेल तर ते व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं असतं. उलट, केवळ एका कॅपिटलने वेगळी असलेली दोन खाती असतील, तर बिल मंजुरीला भलत्याकडे जाण्याची सोय आपणच केलेली असते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. सगळं स्मॉल करून टाका, हे म्हणायला सोपं. तुर्की भाषेत बिनटिंबाचा आय हे स्वतंत्र अक्षर आहे, आणि तुर्की सेटिंग असलेल्या यंत्रावर साध्या कॅपिटल आयचं रूपांतर त्यातच होतं. अशाच दिसायला जवळच्या अक्षरांनी 2019च्या डिसेंबरमध्ये जँगो या वेब फ्रेमवर्कची त्रुटी उघड झाली: पत्ता जुळवताना कॅपिटल-स्मॉलची सूट दिलेली, आणि पासवर्ड बदलण्याची लिंक मात्र फॉर्ममध्ये टाइप केलेल्या पत्त्यावर जायची. म्हणजे दुसऱ्याचं खातं हातात. पण दुरुस्ती काय केली? मुख्य म्हणजे लिंक नोंदवलेल्या पत्त्यावर पाठवायला सुरुवात केली. कॅपिटल-स्मॉलची सूट तशीच ठेवली. (देवनागरीत ही भानगडच नाही, पण आपली कार्यालयीन युजरनेम रोमन लिपीतच असतात.)

तेव्हा नाव दाखवताना माणसाने लिहिलं तसंच दाखवावं, जुळवताना मात्र यंत्राच्या भाषेवर न विसंबता एका ठरावीक नियमाने त्याचं एकच रूप करावं, आणि ते रूप दुसऱ्यांदा नोंदवलं जाणार नाही याची अट थेट डेटाबेसमध्येच घालावी. जुन्या प्रणालीत त्याआधी आपसात भिडणारी नावं शोधावी लागतील. ती खाती आपोआप एकत्र करू नयेत. दोन्ही एकाच माणसाची की एक सोडून गेलेल्याचं, हे मनुष्यबळ विभागाला विचारूनच ठरवावं. आणि जुन्या मंजुऱ्यांवर जी सही आहे, ती तशीच राहू द्यावी.