जॅझ पॅरिसचा झाला, त्याची गोष्ट

चांगली पेटी, चांगला तबला घरात आणला म्हणजे संगीत आपोआप येतं का हो? नाही, हे आपल्याकडे क्लासला जाणाऱ्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण १९१८ सालच्या उन्हाळ्यात पॅरिसच्या भल्याभल्या वादकांना मात्र असाच काहीसा संशय आला होता!

पहिलं महायुद्ध अजून संपायचं होतं. पॅरिसच्या त्युइलरी बागेत दोस्त राष्ट्रांच्या लष्करी बँडांचा मोठा जलसा झाला. इंग्रजांचा, इटालियनांचा, खुद्द फ्रेंचांचा गार्द रेपुब्लिकेन असे नामांकित बँड तिथं आले होते. पण गर्दी लोटली ती अमेरिकेहून आलेल्या एका कृष्णवर्णी पलटणीच्या बँडपुढे. कार्यक्रम संपल्यावर गार्द रेपुब्लिकेनच्या प्रमुखानं त्यांच्या एका रचनेची स्वरलिपी मागून नेली. आपल्या वादकांकडून ती अचूक वाजवून घेतली. सूर बरोबर, ताल बरोबर, तरीही ‘ते’ काही येईना! दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. त्याच्या वादकांची खात्रीच झाली होती, की या मंडळींची वाद्यं काही खास बनावटीची असणार. त्यातले काही जण तालमीला आले, ती वाद्यं हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. वाद्यं अगदी साधीच होती!

हा किस्सा त्या बँडच्या प्रमुखानंच १९१९ साली सांगून ठेवला आहे. त्याचं नाव जेम्स रीस युरोप. आडनाव युरोप, माणूस मात्र अस्सल अमेरिकन. त्याची पलटण म्हणजे न्यूयॉर्कची ३६९वी पायदळ पलटण, पुढे ‘हार्लेम हेलफायटर्स’ म्हणून गाजलेली. अमेरिकन लष्करात त्या वेळी गोरे आणि काळे सैनिक खांद्याला खांदा लावून लढत नसत. म्हणून ही पलटण सरळ फ्रेंच सेनेच्या हाताखाली देऊन टाकली गेली. ती तब्बल १९१ दिवस आघाडीवर राहिली आणि फ्रान्सनं साऱ्या पलटणीला ‘क्रुआ द गेर’ हे शौर्यपदक दिलं. ज्यांना स्वतःच्या देशानं बाजूला सारलं, त्यांना परक्या देशानं छातीशी धरलं.

ही पलटण ब्रेस्त बंदरात उतरली, तेव्हाची गंमतही सांगण्यासारखी आहे. बँडनं फ्रान्सचं राष्ट्रगीत ‘मार्सेयेज’ सुरू केलं. धक्क्यावरचे फ्रेंच लोक आणि सैनिक नुसतेच बघत उभे! काही ओळी झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, अरे, हे तर आपलंच गीत! मग घाईघाईनं सलाम झाले. आपल्याच घरचं गाणं त्यांना ओळखू आलं नव्हतं, इतकं ते नव्या चालीनं नटून आलं होतं.

जेम्स युरोप मायदेशी परतला आणि १९१९ च्या मे महिन्यात बॉस्टनमध्ये त्याच्याच बँडमधल्या एका ढोलवादकानं रागाच्या भरात त्याच्यावर चाकू चालवला. त्यातच तो गेला. पण त्यानं लावलेलं रोप फ्रान्समध्ये रुजलं होतं.

युद्ध संपलं. चार वर्षं मरण पाहिलेल्या पॅरिसला आता जगायचं होतं, नाचायचं होतं. ‘कॅसिनो द पारी’ या नाट्यगृहात लुई मिचेल या अमेरिकन ढोलवादकाचे ‘जॅझ किंग्ज’ गाजू लागले. त्यांच्यात क्रिकेट स्मिथ नावाचा एक कॉर्नेटवादक होता. वाचकहो, हे नाव जरा लक्षात ठेवा, आपली त्याच्याशी पुढे गाठ पडणार आहे. माँमार्त्रच्या उतारावर रात्री जागवणारे क्लब उघडले. कृष्णवर्णी अमेरिकन कलावंतांना तिथं पुढच्या दारानं आत येता येत होतं, मानानं जेवता येत होतं. १९२५ च्या ऑक्टोबरात ‘रव्ह्यू नेग्र’ हा कार्यक्रम आला आणि अवघ्या १९ वर्षांची जोसेफिन बेकर एका रात्रीत पॅरिसची लाडकी झाली. दारियुस मियोसारख्या संगीतकारानं १९२३ सालीच जॅझच्या ढंगात बॅले रचला होता. मॉरिस राव्हेलनं १९२७ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या व्हायोलिन सोनाटाच्या एका भागाला चक्क ‘ब्लूज’ असं नाव दिलं.

पण या कौतुकातही एक खोट होती. जोसेफिनला केळ्यांचा घागरा नेसवून नाचवणारं पॅरिस तिच्यात कलावंत कमी आणि ‘रानातली नवलाई’ जास्त पाहत होतं. आफ्रिकेत वसाहती राखून असलेल्या देशाचं हे प्रेम तसं सोयीचंच होतं. आणि फ्रेंच वादक? ते बिचारे अमेरिकन तबकड्या ऐकून हुबेहूब नक्कल करण्यात गुंतले होते. वाद्यं उलटीसुलटी करून झाली, आता तबकड्या उलटसुलट करणं सुरू होतं!

या नादिष्टांमध्ये यूग पानासिए नावाचा एक तरुण होता. कोवळ्या वयात पोलिओनं त्याचा पाय अधू केला. धावणं-खेळणं संपलं, तेव्हा त्यानं सॅक्सोफोन आणि तबकड्या यांच्यात जीव रमवला. जॅझ ही नाचायची करमणूक आहे की कान देऊन ऐकायची कला, हा प्रश्न त्यानं गंभीरपणे घेतला. १९३२ साली पॅरिसच्या काही विद्यार्थ्यांच्या खटपटीतून ‘हॉट क्लब द फ्रान्स’ उभा राहिला. पानासिए त्याचा अध्यक्ष झाला आणि शार्ल दलोने हा चित्रकार आई-बापांचा मुलगा त्याचा खंदा कार्यकर्ता. १९३४ मध्ये पानासिएचं जॅझवरचं पुस्तक आलं. १९३६ मध्ये दलोनेनं तबकड्यांची तपशीलवार सूची छापली. कोणत्या तबकडीत कोण वाजवतोय, कधी वाजवलंय, हे त्यात नोंदलेलं. आपण ज्यांना कलावंत मानतो त्यांची नावं तरी नीट माहीत हवीत, ही त्यामागची साधी सचोटी.

एवढं सगळं झालं, तरी फ्रान्सचा स्वतःचा आवाज अजून उमटायचा होता. तो उमटला एका भटक्याच्या पोराच्या हातून.

जँगो राइनहार्ट १९१० मध्ये बेल्जियममधल्या एका खेड्याजवळ जन्मला, कारण त्याच्या घरच्यांची गाडी तेव्हा तिथं थांबली होती! रोमा लोकांच्या ज्या शाखेत तो वाढला, तिचं नाव ‘मानूश’. हा शब्द ओळखीचा वाटला ना? तो आपल्या ‘माणूस’चाच सख्खा भाऊ आहे. रोमा लोकांचे पूर्वज अनेक शतकांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले, असं भाषेच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. त्यांच्या बोलीत पाण्याला आजही ‘पानी’ आणि कानाला ‘कान’च म्हणतात.

जँगोला शाळा ठाऊक नव्हती. पण बारा-तेरा वर्षांचा असतानाच तो पॅरिसच्या कष्टकऱ्यांच्या नाचघरांत अॅकॉर्डियनच्या साथीला बँजो वाजवून कमावत होता. १९२८ साली त्याच्या गाडीला रात्री आग लागली. विक्रीसाठी केलेली सेल्युलॉइडची फुलं आत भरलेली होती. ती भसाभस पेटली. १८ वर्षांचा जँगो वाचला, पण डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका कायमची आखडली. तंतुवाद्य वाजवणाऱ्याचा डावा हात म्हणजे त्याचं सर्वस्व! अंथरुणावर त्याच्या हाती गिटार आली. उरलेली दोन बोटं घेऊन त्यानं पहिल्यापासून शिकायला सुरुवात केली. धावत्या तानांसाठी ती दोन बोटं, आणि जमेल तिथं आखडलेल्या बोटांचा नुसता टेकू. महिनोन्‌महिने हा रियाझ चालला. १९३१ मध्ये तुलाँ शहरात एका चित्रकारानं त्याला लुई आर्मस्ट्राँगच्या तबकड्या ऐकवल्या आणि पोरगा भारावून गेला.

पुढे १९३४ साली पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलात तो एका बँडमध्ये नोकरीला होता. तिथंच स्टेफान ग्रापेली हा व्हायोलिनवादकही होता. लहानपणीच आई गेलेला, अनाथालयात दिवस काढलेला, मूकपटांना साथ करून पोट भरलेला. सुट्टीच्या वेळात ग्रापेलीनं तुटलेली तार बदलली, ती लावताना एक सुरावट छेडली आणि जँगोनं गिटारवर तिला उत्तर दिलं. रोज पडद्यामागं हा खेळ रंगू लागला. जँगोचा भाऊ आला, आणखी एक गिटारवाला आला, डबल बास आला. २ डिसेंबर १९३४ रोजी हॉट क्लबच्या या पंचकानं पॅरिसमध्ये जाहीर कार्यक्रम केला. ना ढोल, ना कर्णे. एक व्हायोलिन, तीन गिटार, एक बास. सगळा तारांचाच कारभार! अमेरिकेत असा जॅझ कुणी वाजवत नव्हतं. त्यात नाचघरातला वॉल्ट्झ होता, भटक्यांच्या शेकोटीची ऊब होती, आणि दोन बोटांनी शोधलेली वेगळी वाट होती.

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हे पंचक लंडनमध्ये होतं. ग्रापेली तिथंच राहिला, जँगो पॅरिसला परतला. नाझींना जॅझ नासका वाटे आणि रोमा माणसं नकोशी. हजारोंच्या संख्येनं ती छळछावण्यांत मारली गेली. अशा पॅरिसमध्ये जँगो वाजवत राहिला. अमेरिकन गाण्यांना फ्रेंच नावं चिकटवून वादकांनी जॅझ जिवंत ठेवला. १९४० मधली जँगोची ‘नुआज’, म्हणजे ‘ढग’, ही रचना त्या काळवंडलेल्या शहराच्या मनात जाऊन बसली. दलोने तर गुप्तपणे प्रतिकार चळवळीत होता.

युद्ध संपलं. १९४६ साली जँगो आणि ग्रापेली लंडनमध्ये पुन्हा भेटले. मुद्रणासाठी त्यांनी जे वाजवलं, त्यात काय होतं ठाऊक आहे? ‘मार्सेयेज’! २८ वर्षांपूर्वी ब्रेस्तच्या धक्क्यावर जे राष्ट्रगीत फ्रेंचांना जॅझमध्ये ओळखू आलं नव्हतं, तेच आता फ्रान्सचे दोन वादक स्वतःच्या ढंगात वाजवत होते. त्यातला एक भटक्या रोमा घरातला, दुसरा इटालियन बापाचा मुलगा.

आता तो क्रिकेट स्मिथ. पॅरिसमधले दिवस सरल्यावर १९३६ मध्ये तो थेट आपल्या मुंबईत आला आणि ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. तिथल्या अमेरिकन वादकांचं ऐकून आणि त्यांच्या शेजारी बसून आपली गोव्याची मंडळी जॅझ शिकली. त्याच मुंबईत चिक चॉकलेट या नावानं गाजलेला ट्रंपेटवादक अँटोनियो झेवियर वाझ तयार झाला आणि पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या जोडीला आला. १९५१ च्या ‘अलबेला’त जे ठेके वाजले, त्यांवर आपल्या आजी-आजोबांनी ताल धरला, तेव्हा ते संगीत परकं आहे असं कुणालाही वाटलं नाही.

जँगो १९५३ मध्ये वयाच्या अवघ्या ४३व्या वर्षी गेला. ग्रापेली १९९७ पर्यंत व्हायोलिन वाजवत जगला. आपल्या एल. सुब्रमण्यमबरोबरही त्यानं जुगलबंदी मुद्रित केली. आज कुठल्याही देशात ‘जिप्सी जॅझ’ शिकणारा मुलगा आधी जँगोच्या तबकड्या गिरवतो. नक्कल करावी लागते, तिच्यात कमीपणा काहीच नाही. फक्त कधीतरी ती तबकडी बाजूला ठेवून, आपल्या हाताला जेवढी बोटं आहेत तेवढ्यांनिशी, आपलं असं काही वाजवून बघावं लागतं.