चेक तुमचा, मग पेन कोणाचं?
भिवंडीत सूतवाल्याला आगाऊ तारखेचे चेक देणं रोजचंच. सही आपण आपल्या पेनने करतो. नाव-रक्कम बऱ्याचदा समोरचा त्याच्या पेनने भरतो. माझ्या मते घोळ इथेच आहे.

बहुतेक बॉलपेनची शाई म्हणजे विरघळलेला रंग. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन तो पुन्हा विरघळवतं. खोडता येणाऱ्या काही जेल पेनांची शाई तर साधारण ६० अंशांना अदृश्य होते. इस्त्री फिरवली की झालं! सही तुमची, रक्कम त्याची.

त्यात सीटीएसमुळे कागद जमा करणाऱ्या बँकेतच राहतो, तुमच्या बँकेला दिसतो फक्त फोटो. पुसल्याची हलकी खूण त्यात सुटू शकते.

म्हणून पिगमेंट शाईचं जेल पेन खिशात ठेवा. तिचे कण कागदाच्या तंतूंत अडकतात. ‘आयएसओ २७६६८-२’ हा दस्तऐवजी जेल पेनचा दर्जा. नुसत्या ‘वॉटरप्रूफ’वर भुलू नका, अ‍ॅसिटोन म्हणजे पाणी नव्हे. ५० हजार किंवा जास्तीच्या चेकचा तपशील पॉझिटिव्ह पेमध्ये बँकेला आधीच कळवा.

आणि चुकलात तर खोडून वर सही ठोकू नका. डिसेंबर २०१० पासून सीटीएसमध्ये तारखेची मुदतवाढ सोडून असा बदल चालत नाही. नवा चेक फाडा.