ऑपरेशन फुकट, गोळी उधार

धुळ्यात पारोळा रोडला माझं मेडिकल आहे. काउंटरवर बिलाच्या मशीनपेक्षा कात्री जास्त चालते. अख्खा पत्ता घेणारं गिऱ्हाईक वेगळं आणि ‘दादा, चारच गोया दे, बाकीन्या सोमवारले लई जासू’ म्हणणारं वेगळं. हे दुसरं गिऱ्हाईक आषाढ-श्रावणात वाढतं आणि कपाशीचे पैसे हातात येईपर्यंत वाढतच राहतं. पत्ता कापायचीही रीत असते. एक्स्पायरी छापलेला कोपरा शेवटपर्यंत राखायचा, नाहीतर उरलेल्या गोळ्या कुणाला देता येत नाहीत. अशा अर्ध्या पत्त्यांचा डबा आमच्याकडे कायम भरलेला. बहुतेक गोळ्या ब्लडप्रेशर आणि शुगरच्या.

आता सरकार म्हणतं, प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. खरं आहे ते. या बाबतीत धुळे मागेही नाही. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यात राज्यातले आठच जिल्हे होते आणि त्यात मुंबई, सोलापूर, नांदेड, गडचिरोलीबरोबर आपलं धुळं होतं. तेव्हा मर्यादा दीड लाखाची आणि उपचार ९७२. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, २०२० मध्ये ती आयुष्मान भारतला जोडली गेली. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं मर्यादा पाच लाख झाली आणि पांढरं रेशनकार्डही त्यात आलं. १ जुलै २०२४ पासून ते लागू आहे. तेव्हा उपचारांची यादी १,३५६ वर गेली.

मी या योजनेला नावं ठेवणार नाही. सालदाराच्या हृदयात स्टेंट पडला आणि त्यासाठी कुणाला बैलजोडी विकावी लागली नाही, हे याच रस्त्यावर बसून पाहिलंय. माझ्या वडिलांच्या वेळी असा माणूस घरी नेऊन ठेवायचे.

माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. तोच सालदार काही दिवसांनी डिस्चार्ज कार्ड घेऊन माझ्या काउंटरवर येतो. कार्डावर रक्त पातळ ठेवायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, प्रेशरची, ॲसिडिटीची. योजनेतून मिळालेली औषधं दहा-पंधरा दिवसांत संपलेली असतात. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या तर स्टेंटनंतर बहुतेकांना महिनोन् महिने, कित्येकांना वर्षभर दोन-दोन घ्याव्या लागतात आणि त्यातली एक पुढे जन्मभर. तो हिशेब ऐकतो आणि विचारतो, ‘दादा, यातली कोणती सोडली तर चालेल?’ मी सांगतो, कोणतीच नाही. तो मान हलवतो आणि सगळ्यात महागडी सोडून बाकीच्या घेऊन जातो. नेमक्या त्या गोळीवर स्टेंट उघडा राहणार असतो, असंही होतं. हजारो रुपये सरकारनं त्याच्या छातीत घातले आणि महिन्याच्या काही शे रुपयांसाठी ते धोक्यात आले.

गंमत म्हणजे हे कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. योजना सुरू झाली तेव्हाच ९७२ उपचारांच्या जोडीला १२१ फॉलोअप पॅकेजं दिलेली होती. म्हणजे निवडक मोठ्या आजारांत घरी गेल्यावरच्या तपासण्या आणि औषधांचीही सोय. पण डिस्चार्ज कार्ड घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांपैकी हे ऐकलेला माणूस अगदी विरळा. रुग्णालयातून निघताना त्याला कुणी सांगत नाही आणि कुठलं फॉलोअप त्याला लागू आहे हे त्याचं त्याला कळणं शक्य नाही.

ज्याला फक्त प्रेशर आणि शुगर आहे त्याचं तर आणखी कठीण. योजनेची मुख्य अट भरती होण्याची. शुगरची गोळी योजनेत बसत नाही. शुगरनं किडनी गेली की डायलिसिस बसतं.

खिशातून होणारा खर्च कमी झाला, हे मान्य. केंद्राच्या आरोग्य-लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून जात होते, २०२१-२२ मध्ये ते ३९.४ वर आले. माझ्या गल्ल्यात पडतं ते या ३९ टक्क्यांतलंच.

रोजच्या गोळ्यांची जागा खरी प्राथमिक आरोग्य केंद्रात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. (चक्करबर्डीचं हिरे महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. त्यामुळे साक्रीहून एसटीनं आलेल्या बाईला गावात फुकट आणि इथं पावती का, हे मला बऱ्याचदा समजावून सांगावं लागतं.) पण मोफत म्हणजे शेल्फवर माल असला तर. माझ्याकडे सरकारी दवाखान्याची चिठ्ठी येते, तोंडी निरोप ‘औषध आलेलं नाही, बाहेरून घ्या’. डॉक्टरला दोष देऊन उपयोग नाही, मालच नसेल तर तो काय देणार? राज्याची औषध खरेदी २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे गेली, २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण झालं. तमिळनाडूनं हेच काम १९९४ मध्ये स्वतंत्र महामंडळाकडे दिलं आणि २०२१ पासून तिथं प्रेशर-शुगरच्या गोळ्या घरपोच जातात. राजस्थाननं २ ऑक्टोबर २०११ ला मोफत औषध योजना आणली. आपल्याकडेही भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा या जिल्ह्यांत उच्च रक्तदाबाचा जो प्रकल्प आधी सुरू झाला, त्यात एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या हातात द्यायच्या, हाच मुख्य नेम होता.

वाचणारा म्हणेल, मेडिकलवाला स्वतःच्या पोटावर पाय आणायला निघालाय. थोडा निघालोय. सरकारनं किंमत बांधलेल्या औषधावर आम्हाला १६ टक्के मिळतात, पण साध्या जेनेरिकच्या पत्त्यावर छापलेली किंमत आणि माझी खरेदी यांत कितीतरी पटींचं अंतर असतं. जास्त सूट देतो तो दुकानदार भला, असं लोकांना वाटतं. छापलेली किंमतच मुळात एवढी का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. जनऔषधी केंद्रं त्यावर उत्तर आहेत, फक्त ती बहुतेक शहरात. कापडण्याच्या किंवा पिंपळनेरच्या पुढच्या पाड्यावरच्या माणसाला स्वस्त गोळी आणण्याचं एसटीभाडंच महाग पडतं.

विमा विकत घेणाऱ्यांसाठी २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. चांगलं झालं. पण तीही पॉलिसी बहुधा भरतीचीच. रोजच्या ओपीडीची, गोळीची कायद्यानं हमी देणारी मोठी व्यवस्था म्हणजे ईएसआय, पण ती २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्या नोंदणीकृत कामगारांची. निंदायला, वेचायला जाणाऱ्या बाईची कुठं नोंद?

म्हणून पाच लाखांचे दहा लाख करण्याआधी दोन गोष्टी व्हाव्यात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारावर फळा असावा: प्रेशर-शुगरच्या कोणत्या गोळ्या आज आहेत, कोणत्या नाहीत आणि कधीपासून नाहीत. जिल्हा परिषदेनं ठरवलं तर याला मुंबईची परवानगी लागू नये. आणि योजनेतून ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डावर फॉलोअपचं पॅकेज लागू आहे की नाही, ते मराठीत लिहून द्यावं.

तोवर ज्यांच्या घरी योजनेतून मोठं ऑपरेशन झालंय, त्यांनी बारा अंकी रेशनकार्ड नंबर आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन त्याच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला फॉलोअपबद्दल स्पष्ट विचारावं. उडवाउडवी झाली तर योजनेच्या १५५३८८ वर फोन करावा. पैसे लागत नाहीत.